साडेतीन तारे: भाच्याच्या नशामुक्ती आणि समुपदेशन केंद्राबद्दल

रेटिंग आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच पाहिजे त्यांची सुटका. पाचपैकी साडेतीन. एक तारा तिथली माणसं टिकत नाहीत म्हणून गेला, अर्धा त्यांच्या घड्याळानं खाल्ला. उरलेले साडेतीन मी हातात व्हर्नियर धरून मोजल्यासारखे मोजलेत, कोणाच्या भिडेनं दिलेले नाहीत.

भाच्यावर चोरीच्या बाईकची केस झाली, त्यातून हे केंद्र भेटलं. केंद्राचं नाव लिहिणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे केसमधल्या पोराची ओळख पटेल असं काही छापायचं नसतं. सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कायदा नसता तरी लिहिलं नसतं. सिडकोत राहणाऱ्याला माहीत आहे, इथे एका गल्लीत शिंकलं की सहाव्या योजनेत कोणीतरी देवाचं नाव घेतं. तेव्हा नवीन नाशकातलं एक केंद्र, एवढ्यावर भागवा. असं ठिकाण शोधायचं कसं ते पुढे सांगतो.

मी अंबडला टर्नर. बावीस वर्षं झाली, आधी लेथ, आता सीएनसी. भाचा माझ्या धाकट्या बहिणीचा. मेहुणा २०२१ च्या एप्रिलात करोनानं गेला, तेव्हा पोरगं बारा वर्षांचं. बहीण पॅकिंगच्या कंपनीत, सकाळी नऊला निघते ती रात्री आठला घरात. आमची आई तिच्याकडेच असते, पण आईचे गुडघे गेलेत आणि एका डोळ्यात मोतीबिंदू. म्हणजे पोरावर लक्ष ठेवणारा पुरुष माणूस मीच, आणि माझ्या शिफ्ट फिरत्या.

पहिला धडा आम्ही पैसे मोजून घेतला. केस व्हायच्या सहा महिने आधी कळलं की पोरगं पंक्चरचं सोल्युशन रुमालावर घेऊन हुंगतं. मला खरं सांगायचं तर आधी हसूच आलं होतं. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी आपल्या शिंदे गावात एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीचा, कारखाना पकडला, तेव्हापासून नाशकातला प्रत्येक बाप पोराच्या खिशात पांढरी पावडर शोधतोय. आणि आमचं पोरगं तीस रुपयांची ट्यूब घेऊन सायकलच्या दुकानामागे बसलेलं. दिल्लीच्या एम्सची देशभरची पाहणी २०१९ ला आली, त्यातला आकडा मला नंतर केंद्रात कळला: १० ते १७ वयाच्या मुलांत हुंगायच्या नशेचं प्रमाण १.१७ टक्के, मोठ्या माणसांत ०.५८. दारू घ्या, गांजा घ्या, सगळ्यांत मोठे पुढे. हा एकच प्रकार असा की ज्यात पोरं मोठ्यांच्या पुढे आहेत. स्वस्त, दुकानात मिळणारी, आणि आईला वास आला तरी वाटतं सायकल पंक्चर झाली असेल.

तर घाबरून आम्ही त्याला शहराबाहेरच्या एका निवासी नशामुक्तीत टाकलं. त्याचंही नाव नको. महिन्याला बारा हजार, तीन महिन्यांचे आगाऊ. चाळिशीतल्या दारुड्यांच्यात हे एकटं पंधरा वर्षांचं. फोन बंद, भेट बंद. चाळीस दिवसांनी बहिणीला राहवेना म्हणून घेऊन आलो. अंग धरलं होतं, गाल वर आले होते, आम्ही खूश. आठवड्यात कळलं की गेला तेव्हा फक्त सोल्युशनवाला होता आणि आला तेव्हा 'बटन'वाला झालाय. झोपेच्या गोळ्या. कुठली, किती, कशाबरोबर घ्यायची, सगळं शिक्षण तिथल्याच एका काकांनी दिलेलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट लिहिलंय की अल्पवयीन पेशंटला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं आणि सोबत घरचं माणूस राहू द्यायचं. छत्तीस हजार भरताना आम्हाला हे कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

मग बहिणीला गादीखाली पट्टी सापडली. तिनं ती नाल्यात फेकली, पोराला दोन दिवस कोंडून ठेवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे पोरगं ताठ झालं, डोळे फिरले, तोंडाला फेस. आईला वाटलं बाहेरचं काहीतरी, तिनं लिंबू उतरून तिठ्यावर टाकलं. मीच टाकून आलो, लपवत नाही.

नोव्हेंबरात रात्री साडेअकराला फोन. चोरीच्या बाईकवर गंगापूर रोडला पकडले, हा आणि दुसरा एक वीस वर्षांचा. मला वाटलं आता लॉकअप, मग जेल, संपलं. पण सोळा वर्षांच्या पोराला लॉकअपमध्ये टाकता येत नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. पोलीस ठाण्यात बाल कल्याण अधिकारी म्हणून साध्या कपड्यातल्या एक ताई होत्या, त्यांनीच हे समजावलं. पोरगं एकटं असतं तर चोरीसारख्या किरकोळ गुन्ह्यात एफआयआरही न होता नुसती डायरीत नोंद झाली असती. सोबतचा सज्ञान निघाला म्हणून एफआयआर झाला. दुसऱ्या दिवशी मंडळ, मग पाच रात्री उंटवाडीचं निरीक्षणगृह, ज्याला आपण सगळे रिमांड होम म्हणतो. मग जामीन. जामिनाच्या अटीत लिहिलेलं: आईच्या ताब्यात, परिविक्षा अधिकाऱ्यांकडे (प्रोबेशन ऑफिसर) हजेरी, आणि नशामुक्ती व समुपदेशनासाठी केंद्रात जावे, राहण्यास घरीच.

राहण्यास घरीच! मला हे अजिबात पटलं नव्हतं. ज्या घरात, ज्या गल्लीत बिघडलं तिथेच ठेवून सुधारणार कसं? परिविक्षा अधिकाऱ्यांना मी तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "आणि कुठे ठेवणार? आयुष्यभर तर गल्लीतच राहायचंय ना त्याला?" तेव्हा उत्तर सुचलं नाही, रागच आला.

आता केंद्र. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, खाली झेरॉक्सचं दुकान. एक टेबल, सतरंजी, भिंतीवर पोरांनी काढलेली गोदाघाटाची चित्रं. समुपदेशक मॅडम, बाहेर घरोघर फिरणारा एक कार्यकर्ता ज्याला पोरं दादा म्हणतात, आणि आठवड्यातून एकदा, गुरुवारी, मानसोपचाराचे डॉक्टर. फी काही नाही. औषधं सरकारी दवाखान्यातून, तीही फुकट.

पहिल्या दिवशी पावणेदोन तास नुसते प्रश्न. पोराला एकट्याला, बहिणीला एकटीला, मग मला. मला विचारलं, तुम्ही किती पिता. मी म्हटलं पेशंट मी नाही. मॅडम म्हणाल्या, "ते माहितीय. तरी सांगा." सांगितलं. शनिवारी क्वार्टर, कधी दोन. कोणासमोर? गॅलरीत, आणि बर्फ भाचा आणून द्यायचा. हे तोंडातून बाहेर पडल्यावर मी जरा गप्प झालो.

एक प्रश्न त्यांनी पोराला विचारला तो मला दाराबाहेरून ऐकू आला: जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, कधी करून पाहिलंय का. मी भडकलो. पोराच्या डोक्यात नसलेलं घालताय! मॅडमनी शांतपणे सांगितलं की विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, आत असलं तर बाहेर यायला वाट मिळते. आणि होतं. बापाला ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना त्यानं गल्लीच्या वळणापर्यंत पाहिलं, पुन्हा पाहिलंच नाही, प्रेतसुद्धा नाही. तेव्हापासून रात्री झोप नाही. चार वर्षं पोरगं झोपत नव्हतं आणि एका घरात राहून आम्हाला पत्ता नाही. आम्ही म्हणायचो मोबाईल बघतो. गोळ्या त्याला मजेसाठी नको होत्या, झोपेसाठी हव्या होत्या. डॉक्टरांनी उदासीचं निदान लिहिलं आणि त्यावर वेगळा इलाज सुरू केला.

गोळ्यांबद्दल त्यांनी जे सांगितलं ते सगळ्या आयांनी वाचावं. झोपेच्या या गोळ्या रोजच्या झाल्या असतील तर एकदम बंद करायच्या नाहीत. एकदम तोडल्या की झटके येतात. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात, आठवड्याआठवड्यानं, पट्टी घरच्याच्या ताब्यात. म्हणजे ती पहाटेची अंगात आल्यासारखी गोष्ट बाहेरची नव्हती, आम्हीच आणली होती. आईला हे समजावताना माझी जी अवस्था झाली ती राहू द्या. आणि या गोळ्या शेड्यूल एच-१ मध्ये आहेत: चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत, दुकानदारानं वेगळ्या वहीत पेशंटचं नाव लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची. आमच्या पोराला एका मेडिकलवाल्यानं कुठलीही चिठ्ठी न बघता दिल्या. बाल न्याय कायद्याचं कलम ७७ आहे यासाठी, मुलाला नशेची वस्तू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. तक्रार दिलीय. एवढंच.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी पोराकडून एक कागद भरून घेतला. दिवसाचे चोवीस तास, एकेका तासाला कुठे, कोणाबरोबर, काय. मला वाटलं टाइमपास. पण कागद भरल्यावर दिसलं की सगळी नशा दुपारी चार ते रात्री आठच्या मधली. शाळा सुटलेली, बहीण कामावर, आई देवळात भजनाला. चार तासांचं भोक. मॅडम नशा किती वाईट यावर एक वाक्य बोलल्या नाहीत, त्यांनी ते चार तास धरले. दोन दिवस केंद्रात. दोन दिवस मनपाच्या मैदानावर फुटबॉल. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात मी साडेतीनला सुटतो, तेव्हा चारला त्याला उचलून घरी माझ्याकडे, त्याच्या मामीच्या हाताखाली. बुधवारी आजीला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं काम त्याचं. (मोतीबिंदूचं ऑपरेशनही त्यात उरकलं, हा वरचा नफा.)

माझ्या धंद्यातलं सांगतो. जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, पुन्हा पुन्हा साइझबाहेर जायला लागला तर नवा पोरगा जॉबवर चिडतो. जुना माणूस मशीन बघतो: जॉब धरणारा चक, त्याचे जॉ घासलेत का, मशीनमधलं माप कोणी बदललंय का. बावीस वर्षं मी पोरांना हे शिकवतोय आणि घरी मात्र जॉबलाच हातोडा मारत होतो. अक्षरशः. मी हात उचलायचो भाच्यावर, बेल्टनं सुद्धा. मॅडमनी माझ्याकडून लिहून घेतलं की मारणार नाही. खाली सही माझी, साक्षीदार म्हणून भाच्याची. तो कागद बहिणीच्या फ्रिजवर चिकटवलाय.

दादाबद्दल लिहायला पाहिजे. दर मंगळवारी संध्याकाळी घरी यायचा, जुन्या ॲक्टिव्हावर, हेल्मेट घालून, त्यामुळे गल्लीला वाटायचं बँकेचा वसुलीवाला. आमच्या आईला पहिल्यांदा संशय. दुसऱ्या मंगळवारी तिनं त्याला अहिराणीत विचारलं, "जेवन व्हयनं का?" आणि तो पोरगा साक्रीचा निघाला, त्यानं अहिराणीतच उत्तर दिलं. झालं, तेव्हापासून आई त्याच्यासाठी भाकरी ठेवायला लागली. तो काय करायचा हे बाहेरून बघणाऱ्याला कळणार नाही. ओट्यावर बसायचा. पोरगं झोपतं ती जागा बघायचा. गोळ्या कुठे ठेवल्यात विचारायचा. शेवटी त्यानंच बहिणीला कुलपाची पेटी घ्यायला लावली. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याशी गप्पा मारायचा, कारण टोळकं तिथे जमतं. बहिणीला त्यानं एकच काम दिलं: घरात आल्या आल्या पहिली पाच मिनिटं चौकशी करायची नाही. कुठे होतास, कोण होतं, तोंड दाखव, काही नाही. पाच मिनिटं पोराशेजारी नुसतं बसायचं. बहीण म्हणाली, दादा, हे मारण्यापेक्षा अवघड आहे.

अमेरिकेत या पद्धतीचा एक नेमका साचा आहे असं मॅडम सांगत होत्या. हेंगेलर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं बसवलेला, पोराबरोबर घर, शाळा, मित्र, गल्ली सगळ्यावर काम करायचं, तीन ते पाच महिने, रात्री-अपरात्री फोन उचलायचा, आणि एका कार्यकर्त्याकडे एका वेळी चार ते सहाच घरं. आमच्या दादाकडे किती? सव्वीस. मी स्वतः त्याची वही बघितली. ॲक्टिव्हाचं पेट्रोलही बहुतेक खिशातलंच घालत असावा.

आता गमतीची गोष्ट, लघवीच्या तपासणीची. दर आठवड्याला पट्टी. स्वच्छ निघाली की गुण, गुण साठले की वस्तू. पोराला फुटबॉलचे बूट हवे होते. मी म्हटलं, वा, आता नशा न करण्याचे पैसे! आम्हाला कोणी दिले नाहीत. पण पोरगं बुटांसाठी दिवस मोजायला लागलं हे खरं. गांजाची पट्टी सुरुवातीला तीन आठवडे पॉझिटिव्हच. मी हात चोळत होतो, खोटं बोलतोय म्हणून. मॅडमनी समजावलं की रोज ओढणाऱ्याच्या अंगातून गांजा उतरायला आठवडे लागतात, बंद केल्यावरही पट्टी बोलत राहते. म्हणजे तेव्हा पोरगं खरं बोलत होतं. मग डिसेंबरात पट्ट्या एकदम स्वच्छ, गुणच गुण, मी सगळ्यांना पेढे वाटायच्या बेतात. आणि दादानं मंगळवारी ओट्यावर बसल्या बसल्या पोराच्या शर्टाची बाही नाकाला लावली. ओठांच्या कडेला बारीक पुरळ होतं तेही त्यानंच बघितलं. सोल्युशन त्या पट्टीवर येतच नाही! पोराला हे पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. सगळ्यांना फसवलं. मला राग येण्याऐवजी, खरं सांगतो, थोडं कौतुकच वाटलं. गुण गेले, बूट लांबले. दादा रागावला नाही, आरडाओरडा नाही. बाहीचा वास ही नवी तपासणी म्हणून वहीत लिहिली.

गटाबद्दल मी आधी तक्रार करणार होतो. केसवाली सगळी पोरं एकत्र बसवून बोलतं करणं हे टीव्हीवर छान दिसतं. इथे तसं नाही. फुटबॉलला निम्मी पोरं केसशी संबंध नसलेली, साधी गल्लीतली. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, बिघडलेल्या पोरांचेच गट केले तर ती एकमेकांना शाबासकी देऊन जास्त बिघडतात, यावर १९९९ साली अमेरिकेत अभ्यास छापून आलाय. आम्ही तर तो अभ्यास छत्तीस हजार भरून केला होता.

विश्वासाचा एक मुद्दा आहे, कारण मंडळाच्या आदेशानं येणाऱ्या प्रत्येक पोराला तो डाचतो: इथे बोललेलं मॅजिस्ट्रेटना कळणार का? मॅडमनी पहिल्याच बैठकीत कागद काढून दाखवला. दर महिन्याला परिविक्षा अधिकाऱ्यांना जातं ते इतकंच: किती दिवस आला, प्रगती कशी, पुढचं काय ठरलंय. काय बोलला ते जात नाही. अपवाद तोंडी सांगितला, कोणाच्या जिवाला धोका असेल तर गप्प बसणार नाही. पोराला पटायला दोन महिने लागले. मंडळाच्या तारखांनाही मी घाबरून जायचो, पण ते कोर्टासारखं नाही. एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक सदस्य, त्यात बाई असतेच. पिंजरा नाही, पोलिसाचा गणवेश नाही.

आता अर्धा तारा. केंद्र सोमवार ते शनिवार, दहा ते सहा. नशेला असं वेळापत्रक नसतं हो. आणि आपल्या नाशकात मोठा रंग धुळवडीला नसून रंगपंचमीला असतो हे नाशकातल्या केंद्राला सांगायला लागावं? पोराला आम्ही जाऊ दिलं, जुन्या नाशकात रहाड बघायला, मित्रांबरोबर, रंगाला म्हणून बहिणीनं दोनशे रुपये दिले. पेशव्यांच्या काळापासूनच्या त्या रंगाच्या हौदात उडी मारायची कोणाला हौस नाही? रात्री दहापर्यंत घरी नाही. केंद्राचा फोन बंद, दादाचा फोन लागेना. बहीण भिंतीला डोकं आपटायची बाकी. शेवटी मी १४४१६ लावला, ती सरकारची टेली-मानस, २०२२ पासून आहे, चोवीस तास. समोरच्या बाई मराठीत बोलल्या, बहिणीशी अर्धा तास. पोरगं शुद्धीत नसलं तर कुशीवर झोपवा, श्वास बघा, तोंडात काही घालू नका, १०८ बोलवा, असं सगळं त्यांनी लिहून घ्यायला लावलं. पोरगं पहाटे गोदाघाटावर सापडलं, गुलाबी-हिरवं, थंडीनं कुडकुडत. मारलं नाही. फ्रिजवरचा कागद आठवला असं म्हणणार नाही. हातातलं त्राणच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ती रात्र मिनिटामिनिटानं काढून घेतली. पहिला फोन कोणाचा, कुठल्या वळणावर मनात आलं, पैसे कुठले. रागावल्या नाहीत. सुट्टीच्या दिवशी फोन बंद का, हे मीही त्यांना मिनिटामिनिटानं विचारलं. त्यांनी मान्य केलं. गणपतीत एक नंबर चालू ठेवणार म्हणतात.

आणि एक पूर्ण तारा. एप्रिलात मॅडम गेल्या. कंत्राटी जागा, प्रकल्पाचा निधी उशिरा, चार-चार महिने पगार नाही, दुसरीकडे नोकरी लागली. त्यांची चूक नाही. पण पोरानं ज्या बाईला बापाच्या ॲम्ब्युलन्सचं सांगितलं ती एका सोमवारी खुर्चीवर नव्हती, आणि त्याला आधी कोणी सांगितलंही नाही. तीन आठवडे गेला नाही. नव्या मॅडम चांगल्या आहेत, पण त्यांनी पहिल्या दिवशी कोरा फॉर्म पुढे केला आणि विचारलं, वडील काय करतात? जुनी फाइल कपाटात होती. कपाटाची किल्ली म्हणे जुन्या मॅडमकडे! आमच्या कंपनीत ऑपरेटर बदलला तरी जॉब कार्ड मशीनला लटकवलेलं असतं.

पोराला परत दादानं आणलं, मंगळवारच्या ओट्यावरून.

मे महिन्यात मंडळानं चौकशी संपवली. एक वर्ष चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर परिविक्षा, केंद्र चालू ठेवायचं. कलम २४ मुळे पुढे नोकरीत किंवा प्रवेशाला ही केस आडवी येत नाही, हेही तिथेच समजलं. बहीण सगळ्यात जास्त त्याच काळजीत होती. झोपेच्या गोळ्या पूर्ण उतरून आता तीन महिने झाले. सोल्युशन जुलैत एकदा. गांजाचं मी छातीवर हात ठेवून सांगत नाही. दहावी नापास असला तरी वेल्डरला अर्ज करता येतो म्हणून आयटीआयला लागलाय. बूट मिळाले.

मला काय खर्च आला तेही लिहितो, कारण फुकट म्हणतात ते पूर्ण फुकट नसतं. सोळा अर्ध्या रजा. सिटीलिंकची बस आणि रिक्षा मिळून दोनेक हजार. शनिवारची गॅलरी बंद.

ज्यांना गरज आहे त्यांनी केस होण्याची वाट बघू नका. १४४४६ ही नशामुक्तीची हेल्पलाइन, १०९८ मुलांची. जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारलं तरी जवळचं केंद्र सांगतात. केस झालेली असेल तर परिविक्षा अधिकाऱ्यांनाच विचारा, त्यांना सगळं माहीत असतं. जाताना आधार, आदेशाची झेरॉक्स (खालीच दुकान आहे), जुन्या चिठ्ठ्या आणि सापडलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्या असल्या तरी, न्या. आम्ही नाल्यात फेकली ती पट्टी डॉक्टरांनी तीनदा मागितली होती. एकट्या आईला पाठवू नका, घरातला जो सगळ्यात जास्त ओरडतो त्यालाही न्या.

गुरुवारी डॉक्टरांमुळे गर्दी असते, सोमवारी दुपारनंतर निवांत. जिन्याची सहावी पायरी निघालेली आहे, आठ महिन्यांपासून सांगतोय. बघून चढा.